त्याच भुताला दुसऱ्यांदा घाबरायचं कसं?

भयपटाचा रिमेक येणार असं जाहीर झालं की लगेच दोन तट पडतात, आणि दोघांचीही वाक्यं पाठ असतात. एक म्हणतो, मूळ सिनेमाची सर येणारच नाही, उगाच कशाला हात लावता? दुसरा म्हणतो, तो जुना झाला, आता कोण बघतंय? २०२४ मध्ये हे भांडण दोनदा झालं. मार्चमध्ये 'शैतान' आला, तो आदल्याच वर्षीच्या गुजराती 'वश'वरून केलेला. वर्ष संपता संपता रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेरातू' आला, तो १९२२ च्या जर्मन मूकपटावरून. एकाचा मूळ सिनेमा जेमतेम वर्षभराचा, दुसऱ्याचा शंभरी उलटलेला. वाद मात्र शब्दशः तोच.

सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. पण काही रिमेक का जमतात आणि बरेचसे का फसतात, हे बऱ्यापैकी समजून घेता येतं.

## 'मूळ' म्हणजे तरी काय?

रिमेक म्हणजे तीच गोष्ट नव्या नटांना घेऊन, नव्याने चित्रित करणं. गोष्ट पुढे नेली तर तो सीक्वेल, आधी काय घडलं ते सांगितलं तर प्रीक्वेल. या पाट्या नेहमी खऱ्या नसतात. २०११ मध्ये 'द थिंग' नावाचा सिनेमा आला. नाव हुबेहूब १९८२ च्या सिनेमाचं, पण गोष्ट त्याच्या आधीची. तिकीट काढणाऱ्याने काय समजायचं?

'मूळ' हा शब्दही फसवा आहे. १९२२ चा 'नोस्फेरातू' हाच मुळी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून, परवानगी न घेता, नावं बदलून केलेला. स्टोकरच्या पत्नी कोर्टात गेल्या आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण त्याला अभिजात म्हणतो. त्यामुळे 'मुळाला हात लावू नका' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या मुळाला?

## दचका वेगळा, धास्ती वेगळी

भीती आणि विनोद यांचं एक दुखणं सारखं आहे. शेवट माहीत असला की दोन्ही फिके पडतात. ऐकलेला विनोद कुणी पुन्हा सांगायला लागला की आपण शिष्टाचार म्हणून हसतो. रिमेकचंही तेच होणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण भीती एकाच जातीची नसते. दारामागून अचानक कुणी 'भॉ' केलं की जो होतो तो दचका. दारामागे कुणीतरी आहे हे ठाऊक असूनही त्या दाराकडे चालत जावं लागतं, तेव्हा पोटात जे कालवतं ती धास्ती. हिचकॉकने दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक बॉम्बच्या उदाहरणाने सांगितला होता. दोन माणसं टेबलापाशी बोलत बसली आहेत आणि खालचा बॉम्ब एकदम फुटला, तर प्रेक्षकाला मिळाले १५ सेकंद. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तर तेच कंटाळवाणं बोलणं १५ मिनिटं जीव टांगणीला लावतं.

आता हे उदाहरण रिमेकला लावून बघा. मूळ सिनेमा पाहिलेल्या माणसाला बॉम्ब कुठे आहे ते पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. सगळे याला तोटा समजतात. मला ते भांडवल वाटतं. प्रेक्षकाचा दचका गेला हे खरं, पण धास्तीची निम्मी तयारी तो घरूनच करून आलेला असतो. फसणारे रिमेक या तयारीकडे बघतच नाहीत. प्रेक्षकाला काहीच माहीत नाही असं धरून ते त्याच टेबलाखाली तोच बॉम्ब पुन्हा लपवतात, आणि तो फुटल्यावर कुणी दचकलं नाही म्हणून आवाज वाढवतात.

## हुबेहूब नक्कल केली तर?

हा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९६० चा हिचकॉकचा 'सायको' गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये जवळजवळ शॉटला शॉट जुळवून पुन्हा काढला. संवाद बव्हंशी तेच, कॅमेऱ्याच्या जागा त्याच, बर्नार्ड हरमनचं व्हायोलिनचं किंचाळणारं संगीतही तेच. काळ्या-पांढऱ्याच्या जागी रंग आले. सिनेमा आपटला आणि समीक्षकांनी झोडपला.

का? मूळ सिनेमातला न्हाणीघरातला खून हा तीन मिनिटांचा प्रसंग, पण त्याची तयारी पाऊण तास चाललेली असते. जॅनेट ली तेव्हाची मोठी नटी. पैसे चोरून पळालेली तिची मॅरियन हीच नायिका आहे, अशी आपली खात्री पटवलेली असते. ती पैसे परत करायचं मनाशी ठरवते, हलकी होते, शॉवरखाली उभी राहते. पडद्याआड एक सावली येते. आणि सिनेमा अर्धाही झालेला नसताना नायिकाच मरते. आता पुढे कोणाचा हात धरून बसायचं? खरी भीती सुरीची नव्हती. सिनेमा आपल्याला सांभाळून नेईल हा विश्वास तुटला, त्याची ती भीती होती. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम हिचकॉकने थिएटरांना घातला होता तो याचसाठी. उशिरा आलेला माणूस नायिका कुठे आहे म्हणून शोधत बसला असता.

१९९८ च्या प्रेक्षकाला सुरी, पडदा, सावली सगळं पाठ होतं. व्हॅन सँटने खूण केलेल्या जागी कॅमेरा बरोबर ठेवला, पण जो विश्वास तोडायचा तो प्रेक्षकापाशी उरलाच नव्हता. मूळ सिनेमात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, कारण काळ्या-पांढऱ्यात ते चालून गेलं. नव्यात रक्त लाल होतं, म्हणून ते जास्त खरं वाटलं असं मात्र झालं नाही.

तरी या सिनेमाचे उपकार मानायला हवेत. भीती शॉटमध्ये नसते, हे एरवी इतक्या स्वच्छपणे सिद्ध झालं नसतं.

## मग ज्यांना जमलं त्यांनी काय केलं?

दोन उदाहरणं घेतो, दोन्ही माझी लाडकी.

पहिलं, 'द थिंग'. १९५१ च्या सिनेमात उत्तर ध्रुवाकडच्या तळावर बर्फात गाडलेलं परग्रहावरचं एक प्राणी सापडतं. ते धिप्पाड आहे, माणसासारखं दोन पायांवर चालतं, बाहेरून हल्ला करतं, आणि आतले सगळे एकजुटीने लढतात. हा सिनेमा जॉन कॅम्पबेलच्या १९३८ च्या कथेवरून केलेला, पण कथेतली सगळ्यात भयानक कल्पना त्याने गाळली होती. कथेतला प्राणी कुणाचंही रूप घेऊ शकतो. १९८२ मध्ये जॉन कार्पेंटरने रिमेक करताना ती कल्पना परत आणली. तळ आता अंटार्क्टिकावर, माणसं बारा, आणि त्यातली माणसं कोण, 'ते' कोण, हे कुणालाच माहीत नाही.

त्यातला रक्ताच्या तपासणीचा प्रसंग पाहाच. सगळ्यांना दोरीने बांधलंय. प्रत्येकाचं थोडं थोडं रक्त एकेका काचेच्या बशीत. तळावरचा वैमानिक मॅकरेडी तांब्याची तार आगीवर लाल करतो आणि एकेका बशीत टेकवतो. माणसाचं रक्त असेल तर नुसतं चर्र होईल, 'त्याचं' असेल तर ते स्वतःला वाचवू बघेल. चर्र. चर्र. आपला संशय एका माणसावर पक्का झालेला असतो. तोच कुरकुरतो की या सगळ्याला काही अर्थ नाही. मॅकरेडी त्याच्याकडे बघत म्हणतो की तुझी पाळी शेवटी, आणि बोलता बोलता दुसऱ्याच कुणाच्या बशीत तार टेकवतो. आपण त्या संशयिताच्या तोंडाकडे बघत असतो आणि बशीतलं रक्त किंचाळून उडी मारतं. बाकीचे त्याच्याच शेजारी कोचाला बांधलेले.

राक्षस आहे हे आपल्याला पोस्टरवरूनच माहीत असतं. कार्पेंटर ते लपवत बसत नाही. तो फक्त प्रश्न बदलतो. 'ते आत कसं येईल?' हा जुना प्रश्न, 'आपल्यापैकी कोण?' हा नवा.

दुसरं, 'द फ्लाय'. १९५८ च्या सिनेमातला शास्त्रज्ञ एका यंत्रातून वस्तू इकडून तिकडे पाठवायचा प्रयोग स्वतःवर करतो, सोबत एक माशी आत शिरते. पुढे बराच वेळ तो डोक्यावर कापड घेऊन वावरतो. बायको ते कापड ओढते आणि माशीचं डोकं दिसतं. सगळा डाव त्या एका क्षणावर लावलेला. तो क्षण एकदा पाहिला की संपला.

डेव्हिड क्रोनेनबर्गने १९८६ मध्ये हे नीट ओळखलं. माणसाची माशी होणार हे नावातच आहे, मग लपवायचं काय? त्याने झाकलेलं कापडच काढून टाकलं. त्याचा शास्त्रज्ञ प्रयोगानंतर आधी ताजातवाना होतो. मग कॉफीत साखर घालतो, आणखी घालतो, घालतच राहतो. बोलण्याच्या नादात त्याचं लक्ष नाही. आपलं आहे. पाठीवर राठ केस उगवतात. एके दिवशी आरशासमोर बोट चाचपताना नख सुटून हातात येतं. गळून पडलेले अवयव तो औषधांच्या कपाटात जपून ठेवतो. आता हा माशीचा सिनेमा राहिलेला नसतो. आपल्या माणसाचं शरीर आपल्या डोळ्यांसमोर त्याला सोडून चाललंय, याचा तो सिनेमा होतो. अनेकांनी त्यात असाध्य आजाराची भीती पाहिली. मेकअपसाठी त्याला ऑस्कर मिळालं, पण माझ्या लक्षात राहते ती साखर. शेवट माहीत नसता तर साखरेने कोण घाबरलं असतं?

## भाषा बदलली की भूतही बदलतं का?

बदलावं लागतं, आणि याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९९३ चा मल्याळम 'मणिचित्रताळु' कन्नडमध्ये २००४ साली 'आप्तमित्र', तमिळमध्ये २००५ साली 'चंद्रमुखी' आणि हिंदीत २००७ साली 'भूल भुलैया' झाला. गोष्टीचा कणा एकच: जुन्या वाड्यात राहायला आलेली सून, तिथे पूर्वी मारली गेलेली नर्तकी, आणि ती नर्तकी आपणच आहोत असं त्या सुनेच्या मनाने घेतलेलं.

मूळ सिनेमात केरळातल्या घरातली सून गंगा, ती नर्तकी नागवल्ली झाली की तमिळ बोलायला लागते. रोजच्या बोलण्यातल्या माणसाच्या तोंडून शेजारची, अर्धवट कळणारी भाषा यायला लागणं, यातच अंगावर काटा आहे. आता हाच सिनेमा तमिळमध्ये करायचा म्हटल्यावर तमिळ बोलून कोण घाबरणार? तिथे चंद्रमुखी तेलुगू बोलते. हिंदीत मंजुलिका बंगाली बोलते. प्रत्येक ठिकाणी शब्द सोडून दिले आणि शेजारच्या भाषेचं परकेपण तेवढं उचललं. मला रिमेकची व्याख्या विचारली तर मी हेच उदाहरण देईन. 'भूल भुलैया'त विनोदाचा भडिमार भीतीला अधूनमधून गुदमरवतो, ही तक्रार रास्त आहे. पण विद्या बालन बंगालीत ओरडते तेव्हा कुणी हसत नाही. दिग्दर्शक प्रियदर्शन मूळ सिनेमाच्या दुसऱ्या युनिटवर, म्हणजे काही प्रसंग वेगळे चित्रित करणाऱ्या तुकडीवर, होते, त्यामुळे काटा कुठे आहे हे त्यांना नेमकं माहीत असणार.

मराठी 'लपाछपी'चा हिंदी 'छोरी' (२०२१) हाही त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरिया यांनी केला आणि उसाचं रान तसंच ठेवलं. ते बरोबरच होतं. दोन हात पुढचं दिसत नाही अशा उसातली भीती भाषांतराशिवाय कळते.

परदेशातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९८ चा जपानी 'रिंगू' आणि त्यावरून २००२ चा अमेरिकन 'द रिंग'. एक व्हिडिओ कॅसेट, बघणारा सात दिवसांत मरतो. जपानी सिनेमात त्या कॅसेटमागचं भूत, सादाको, टीव्हीतून बाहेर येते ती विचित्र, झटके देत. नटीला उलटं चालायला लावून ती फिल्म उलटी फिरवली होती, म्हणून ती चाल कुठल्याच जिवंत माणसाची वाटत नाही. तिची अमेरिकन बहीण समारा टीव्हीच्या खराब चित्रासारखी लुकलुकते. दोन्ही युक्त्या चालतात.

फरक शेवटात आहे. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली तरच सुटका, हे ती कॅसेट पाहिलेल्या मुलाच्या आईला कळतं. अमेरिकन सिनेमात ती मुलाकडून प्रत काढून घेते, आणि मूल विचारतं की आपण ज्याला दाखवू त्या माणसाचं काय? ती गप्प राहते. जपानी सिनेमात आई गाडी काढून निघते ती स्वतःच्या वडिलांकडे. मुलाला वाचवायला आजोबा. अमेरिकन शेवट प्रश्न विचारून थांबतो, जपानी शेवट त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. मला दुसरा जास्त छळतो. आणि हो, प्रत काढत राहिलं तरच जगता येतं अशी गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाच्या इतक्या प्रती निघाव्यात, हे त्या कॅसेटला साजेसंच आहे.

## 'पण आता पैसा आणि तंत्र जास्त आहे, भीतीही जास्त नको का?'

नको. १९७४ चा 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' तुटपुंज्या पैशात, उन्हाळ्याच्या काहिलीत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काढला होता. २००३ च्या रिमेकचा छायाचित्रकार तोच, डॅनियल पर्ल. हात तोच, पैसा कितीतरी जास्त. रिमेक देखणा झाला, धंदाही भरपूर झाला. पण पहिला सिनेमा बघताना कुणीतरी खराखुरा गुन्हा चोरून चित्रित केलाय की काय असं वाटत राहतं. दुसरा बघताना प्रकाशयोजना किती छान आहे असं वाटतं. भयपटात प्रकाशयोजनेकडे लक्ष गेलं की खेळ संपला.

जास्त पैशाबरोबर आणखी एक खोड येते, ती समजावून सांगण्याची. १९७८ च्या 'हॅलोवीन'मधल्या खुन्याचा मुखवटा बाजारातून आणलेला होता. तो 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, स्वस्तातला, पांढरा रंग फासलेला. पात्रांच्या यादीत त्या मुखवट्यातल्या खुन्याचा उल्लेख नुसता 'आकार' असा आहे. तो का मारतो, उत्तर नाही. २००७ च्या रिमेकने त्याला वाईट घर, वाईट बालपण असं सविस्तर दिलं. आता तो समजतो. आणि समजलेल्या माणसाची कीव येते, धास्ती वाटत नाही.

## 'मूळ दिग्दर्शकानेच केला तर?'

तरी हमी नाही. जॉर्ज स्लाउझरने १९८८ मध्ये 'स्पोरलोस' नावाचा डच सिनेमा काढला. प्रवासात थांबले असताना एकाची प्रेयसी नाहीशी होते, आणि तिचं काय झालं हे कळल्याशिवाय त्याला जगता येत नाही. त्याचा शेवट मी इथे सांगणार नाही. पाहिल्यावर दोन दिवस तो उतरत नाही. स्लाउझरनेच १९९३ मध्ये हॉलिवूडसाठी 'द व्हॅनिशिंग' नावाने त्याचा रिमेक केला आणि शेवट गोड केला. संपूर्ण सिनेमा ज्या एका खिळ्यावर टांगलेला होता, तो खिळाच उपटला.

## 'हे सगळं आठवणींचे लाड नाहीत का?'

काही प्रमाणात आहेत, आणि यात मीही आलो. मी 'द रिंग' आधी पाहिला, 'रिंगू' नंतर, आणि पहिल्यांदा मला 'रिंगू'च संथ नक्कल वाटला होता. आपण जो आधी पाहिला तो आपल्यापुरता मूळ. मत फिरायला मला तो दुसऱ्यांदा बघावा लागला.

काळही मतं फिरवतो. कार्पेंटरचा 'द थिंग' जून १९८२ मध्ये लागला तेव्हा समीक्षकांनी त्याला किळसवाणा म्हणून हिणवलं. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता. परग्रहावरच्या गोड पाहुण्यावर सगळे लुब्ध असताना बशीतून किंचाळणारं रक्त कोणाला हवं होतं? आज तोच सिनेमा उत्तम रिमेकचं पहिलं उदाहरण म्हणून सांगितला जातो. तेव्हा एखादा रिमेक पहिल्या शुक्रवारी आपटला म्हणून तो फसलाच, असंही धरू नये.

## 'मग एवढं सगळं पाळलं की जमलंच?'

तसंही नाही. १९३० च्या शेवटी युनिव्हर्सल स्टुडिओत 'ड्रॅक्युला'चं शूटिंग चालू होतं. त्या काळी डबिंगची पद्धत रुळलेली नव्हती, म्हणून त्याच सेटवर, त्याच कथेवर, स्पॅनिश नटांना घेऊन दुसरा सिनेमा रात्री काढला जात होता. दिवसा इंग्रजीवाले काम करून घरी जात, संध्याकाळी स्पॅनिशवाले येत. दिवसाचं चित्रीकरण त्यांना बघायला मिळे, त्यामुळे कुठे कॅमेरा नुसताच उभा राहिलाय, कुठे प्रसंग मेलाय, हे सगळं त्यांना आयतं कळायचं. रिमेक करणाऱ्याला याहून चांगली संधी मिळणार नाही. त्यांनी ती घेतलीही. कॅमेरा मोकळा फिरला, सावल्या दाट झाल्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहणारे बरेच जण आज रात्रीचा सिनेमा जास्त चांगला घडवलेला आहे असं म्हणतात.

पण ड्रॅक्युला म्हणून आजही आठवतो तो बेला लुगोसी दिवसपाळीला होता.